कृकलासाचे अवलोकन

९ सप्टेंबर १९५६, रविवार

आजपासून दैनंदिनी लिहिण्याचा संकल्प आम्ही करीत आहोत. ‘आम्ही’ म्हणजे मी एकटाच. परंतु बावीस वर्षे शासनाची भाषा घडविणाऱ्या मनुष्याने स्वतःचा उल्लेख एकवचनात करावा हे त्या भाषेस शोभणारे नाही. सौ. चंद्रकलेचे मत निराळे आहे. ती म्हणते, “आम्ही आम्ही काय करता जी, जेवाले तं तुम्ही एकलेच बसता.”

निमित्त असे घडले. आमचे परममित्र रुपराव, भाषांतर शाखेत बावीस वर्षे आमच्या समोरच्या मेजावर बसणारे, आज रामटेककडच्या आपल्या धानाच्या बांधीवरून परतले ते उघडी छत्री उलटी धरून. आकाशात ऊन नव्हते, पाऊस नव्हता. छत्रीत मात्र एक प्राणी होता.

“घे गा पंडित, तुह्यासाठी आणला. बोरीवर बसून व्हता. आमच्या घरवालीनं, गोपिकेनं, मले दारातच थांबवलं. म्हणते, एक तं हा सरडा घरात येईन, नाही तं मी राहीन.”

“मग आपण सरड्याची निवड का केली नाही?”

“सैपाक येत नाही त्याले.”

प्राणी कुंपणावरचा सामान्य सरडा नव्हे. हा गुहिऱ्या सरडा, गीर्वाणभाषेत कृकलास. पाय चिमट्यासारखे, शेपटी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली, चाल प्रत्येक पावलागणिक पुनर्विचार करणारी. नेत्र दोन दिशांना स्वतंत्रपणे फिरतात: एक आमच्याकडे, एक रुपरावाकडे. शासकीय सेवेस इतका लायक जीव आम्ही आजवर पाहिला नाही. तत्काळ त्याचे नामकरण ‘सचिव’ असे केले.

आमची माता सखूबाई, वय सत्तर, रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता उठून आली. लोक यास विषारी समजतात. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “गरीब दिसते बिचारं. पोट मोठं हाय.”

१२ सप्टेंबर

कार्यालयात दुसरा विषय नाही. एक नोव्हेंबरला आमचा प्रांत दुभंगणार. नागपूर मुंबई राज्यात जाईल, हिंदी जिल्ह्यांची राजधानी भोपाळ होईल, आणि कर्मचारी चिंचोक्यांसारखे दोन्हीकडे वाटले जातील. प्रत्येकास ‘विकल्पपत्र’ भरावयाचे आहे. (हा शब्द आमचा.)

रुपराव आणि आम्ही निर्धास्त आहोत. दोन वर्षांपूर्वी, या वाटणीची कुणकुण लागली तेव्हाच, रामटेकच्या गडावर देवासमोर हात ठेवून आम्ही प्रतिज्ञा केली आहे: राहू तर दोघे, जाऊ तर दोघे, एकाने दुसऱ्यावाचून उत्तर द्यायचे नाही. प्रतिज्ञेचा मसुदा अर्थातच आमचा होता. रुपराव एवढेच म्हणाला होता, “लय लांब झालं गा. पर ठीक हाय.”

आज सेवानियमांचे भाषांतर पूर्ण केले. नियम सतरावा विशेष साधला: ‘कर्मचाऱ्याविषयी कोणतीही लेखी टिपणी प्राप्त झाल्यास ती त्यास दाखविण्यात यावी व त्याने तीवर “अवलोकित” असे लिहून स्वाक्षरी करावी.’ ‘अवलोकित’ हा आमच्या कारकिर्दीचा कळस होय. रुपराव मात्र कोणत्याही कागदावर तो लिहीत नाही. सरळ ‘पाह्यलं’ लिहितो.

“पाह्यलं लिहिलं तं काय हात झडते काय गा?”

“शासनास डोळे नसतात, रुपराव. शासन अवलोकन करते.”

“म्हणूनच त्याले काही दिसत नाही.”

१६ सप्टेंबर

सचिव संकटात आहेत. सात दिवस चांदीच्या वाटीत निर्मळ जल ठेवूनही त्यांनी त्यास स्पर्श केला नाही. नेत्रांचे बुरूज आत ओढले गेले आहेत, त्वचा सुरकुतली आहे, विष्ठेसोबत जे पांढरे पडते ते केशरी झाले आहे. नाकतोडा समोर धरला तरी जीभ बाहेर येत नाही. आम्ही वाटी बदलली. गंगाजलाचे दोन थेंब टाकले. शेवटी वाटीत बोट बुडवून ‘पीयताम्’ असेही सांगून पाहिले.

चंद्रकला म्हणाली, “अजी, त्याले संस्कृत येत नसन.”

तेव्हा माता उठली. रहाटाजवळच्या लोट्यातून तिने तोंडात पाणी घेतले, ओठ चिमटले, आणि पिंजऱ्यातील पेरूच्या डहाळीवर असा फवारा मारला की पान अन् पान दवाने भरून गेले. उन्हाळ्यात कोरड्या हवेत सूत तुटू नये म्हणून आमच्या कोष्ट्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीने मागावरच्या ताण्यावर पाणी मारतात. वडील असेपर्यंत आम्हीही हे रोज पाहिले होते.

सचिवांनी एक नेत्र थेंबाकडे वळविला. मग मान पुढे केली आणि पानाच्या टोकावरचा थेंब ओठांनी टिपला. नंतर दुसरा, मग तिसरा. अर्धा तास ते पीतच राहिले.

“अरे बाबन,” माता म्हणाली, “सूत काय वाटीतलं पाणी पेते? त्याच्यावर फुकरा मारा लागते. हेही तसंच हाय. साचलेलं पाणी याले पाणी वाटतच नाही.”

आम्ही स्वतः फवारा मारून पाहिला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेले. चंद्रकला हसता हसता खाली बसली. कोष्ट्याचा मुलगा असून आम्हास हे येत नाही, याची नोंद माता डोळ्यांनी करून गेली.

१८ सप्टेंबर, मंगळवार

आज साहेबांनी आम्हास एकट्यास बोलाविले व दार लोटून घेतले. म्हणाले, “तुम्ही दोघे ज्येष्ठ भाषांतरकार. दोघांपैकी एक भोपाळला द्यावाच लागेल. तुमचे मत सांगा.”

प्रतिज्ञेनुसार उत्तर ठरलेले होते आणि ते जिभेच्या टोकावर आलेही होते. परंतु घसा कोरडा पडला होता, आणि साहेबांनी पाणी विचारले नाही.

आम्ही कोणाचीही शिफारस केली नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद करतो. केवळ वस्तुस्थिती निवेदन केली: आमची माता सत्तर वर्षांची, घर वडिलोपार्जित, रुपरावांचे हिंदी आमच्यापेक्षा सफाईचे, त्यांचे मातापिता हयात नाहीत, शेतीचे म्हणाल तर ती बटईने, वाट्याने कसायला, देता येते. साहेब म्हणाले, “हेच लिहून द्याल?” सत्य लिहून देण्यात संकोच कसला? लिहून दिले. अक्षर वळणदार आले.

सचिव आज तीन नाकतोडे जेवले.

२० सप्टेंबर

सायंकाळी रुपराव आला. नेहमी अंगणातूनच “पंडित, जागा हाय काय?” अशी आरोळी असते, आज नव्हती. चहा पुढे आला तसा निवून गेला. तो सचिवांकडे पाहत बसला. सचिवही आज काळवंडलेले होते, अंगावर गर्द पट्टे. आभाळ भरून आल्यामुळे असेल.

मग त्याने विचारले, “पंडित, तुले मले काही सांगाचं हाय काय?”

सांगण्यासारखे पुष्कळ होते. सचिवांच्या जलपानाचा संपूर्ण वृत्तान्त आम्ही त्यास सांगितला: स्थिर जल त्यांना दिसत नाही, हलणारा, चमकणारा थेंबच दिसतो, सकाळी व सायंकाळी असा दोनदा फवारा हवा, डोळे बसले तर तहान समजावी.

“बस? एवढंच?”

“सध्या एवढेच.”

तो हसला. उठताना सचिवांच्या पाठीवरून एक बोट फिरविले आणि चंद्रकलावहिनींना न भेटताच गेला. शेतीची काळजी असावी. धानावर रोग आहे म्हणतात.

२८ सप्टेंबर

पाऊस गेला, ऊन तापू लागले. सचिवांस उष्णता मानवते असे कुठेतरी ऐकून आम्ही गेल्या आठवड्यात एके दुपारी त्यांचा पिंजरा पत्र्याच्या छपरावर ठेविला. घटकाभराने पाहतो तो ते चुन्यासारखे पांढुरके, तोंड उघडे, कंठ धडधडतो आहे. आम्हास वाटले, प्रसन्न होऊन हसत आहेत. चंद्रकलेने पिंजरा ओढून सावलीत आणला, भोवती ओले पोते लावले.

“हासून नाही राहिला जी, मरून राहिला. तुम्हाले फरक समजत नाही काय?”

त्यानंतर आठवडाभर शास्त्रशुद्ध निरीक्षण केले. निष्कर्ष: पहाटेच्या गारव्यात सचिव काळे असतात आणि जी कूस उन्हाकडे तीच अधिक काळी करून ऊन पितात. अंग तापले की हिरवे होतात, फार तापले की फिकट. झोपेतही फिकट. भय वा संताप असल्यास पट्टे व ठिपके. त्यांना तांबड्या अलवानावर, पिवळ्या पितांबरावर, आणि आमच्या काळ्या टोपीवर बसवून पाहिले. एकाचाही रंग त्यांनी घेतला नाही. तात्पर्य, भोवतालाप्रमाणे रंग बदलतो हा लोकापवाद निराधार आहे. जे आत असते ते यांच्या कातडीवर येते. लपविणे यांना जमतच नाही.

शासकीय सेवेस हा जीव मुळीच लायक नाही, अशी सुधारणा येथे करीत आहोत.

१० ऑक्टोबर, बुधवार

सूचनाफलकावर यादी लागली. आम्ही नागपुरास. रुपराव भोपाळला, आणि त्यांच्या नावापुढे लिहिले आहे: ‘स्वेच्छेने.’

पुन्हा वाचले. ‘स्वेच्छेने’ हा शब्दही आमचाच.

समोरचे मेज रिकामे होते. रजेवर आहेत म्हणे.

११ ऑक्टोबर

लिहिण्यासारखे काही नाही, तरी लिहितो. बावीस वर्षे एकाच दौतीत टाक बुडविले. त्याच्या लग्नात आम्ही मंगलाष्टके रचली. आमच्या वडिलांच्या तिरडीस त्याने खांदा दिला. आणि गडावर, देवासमोर, हातावर हात ठेवून घेतलेली शपथ! तिला भोपाळच्या एका अर्जाने पुसून टाकले. न विचारता. न सांगता. पदोन्नतीचे आमिष असणारच. ‘पर्यवेक्षक’ अशी एखादी पाटी दारावर लावून मिळणार असेल. तिचा अनुवादही कदाचित आमच्याकडेच येईल.

लोक अशा मनुष्यास सरडा म्हणतात. आम्ही म्हणणार नाही. सचिव ऐकत असतात.

आणखी एक. आम्ही साहेबांपुढे त्याच्या गुणांची केवढी स्तुती केली होती. त्याचे हे फळ.

१४ ऑक्टोबर, दसरा

शहरात आज पांढऱ्या वस्त्रांतील माणसांचा महापूर आहे. पहाटेपासून दारावरून रांगा चालल्या आहेत, कोणी भंडाऱ्याहून पायी, कोणी त्याहून दूरची, कडेवर लेकरे, चेहऱ्यांवर असे काही की आमच्या कोशात त्यास शब्द नाही. चंद्रकलेने व मातेने दारात रांजण भरून ठेवला आणि दिवसभर पाणी पाजले.

आम्ही ओसरीवर आपट्याची पाने घेऊन बसलो होतो. बावीस वर्षांत पहिले सोने रुपरावाचे. तोच प्रथम येतो, पानांचा ढीग आमच्या टोपीत ओततो आणि म्हणतो, “श्रीमंत हो गा पंडित, म्हणजे मराठीत बोलशीन.”

पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. ते वाट पाहणे नव्हतेच. ओसरीवर वारा बरा होता.

माता म्हणाली, “तूच जाऊन ये त्याच्या घरी. लहान तं नाही होत तू.”

“अपराध त्याचा, आणि पायपीट आमची?”

“सोनं द्याले जावाचं असते बाबन, मुकदमा चालवाले नाही.”

पाने सचिवांच्या पिंजऱ्यात टाकली. संध्याकाळच्या फवाऱ्याचे त्यांवरचे पाणी ते प्याले.

२४ ऑक्टोबर

कृतघ्नता साथीच्या रोगासारखी पसरते. सचिव गेले तीन दिवस अस्वस्थ आहेत. अन्न सोडले आहे. डहाळीवर क्षणभर ठरत नाहीत. जन्मभर झाडावर राहणारा हा जीव पिंजरा उघडताच खाली उतरून फरशीवर फिरतो, भिंतीशी नखे घासतो, कोपरे उकरतो. काल दार उघडे राहिले तर उंबरठ्यावर सापडले.

दीड महिना झाला सेवेला. नाकतोड्यांमागे या वयात धोतर सावरून धावलो. आणि यांनाही जायचे आहे! भोपाळलाच निघाले असतील.

मातेच्या पेटीतून रेशमी धागा घेतला आणि त्यांच्या कमरेभोवती सैल गाठ मारून दुसरे टोक खिडकीच्या गजास बांधले. ते संतापले, अंग काळे करून, तोंड वासून फिसकारले. आम्हीही फिसकारलो.

चंद्रकला म्हणाली, “बांधल्यानं कोणी राह्यते काय जी?”

प्रश्न सचिवांविषयीच होता असे गृहीत धरतो.

२९ ऑक्टोबर, सोमवार

तो आला. निरोप घ्यायला. आम्ही मागच्या खोलीत गेलो व कोश उघडून बसलो. दार लोटलेले होते, परंतु फळ्या जुन्या आहेत, ऐकू येते.

“ये रे रुपराव. बस. उद्या जातं म्हणते?”

“हो माय. उद्याची गाडी हाय.”

“दिवाळीच्या तोंडावर?”

“सरकारले दिवाळी कोठून समजन.”

“अन् बांध्या?”

“देल्या बटईनं.” मग आवाज खाली आणून, “तुमची तब्येत बरी हाय ना? त्याले एकट्याले समजत नाही काही. औषध तुम्हीच मांगून घेत जाजा.”

माता थेट विचारणारी बाई. “काहून चालला रे तू? तुमची दोघाची तं शपथ व्हती. बाबन रोज त्याच्यावरूनच जळून राहिला.”

“शपथ दोघाची राह्यते, माय. एकट्यानं कशी पाळू?”

हे वाक्य आम्ही येथे जसेच्या तसे उतरवीत आहोत. निर्लज्जतेचा असा नमुना शासकीय पत्रव्यवहारातही दुर्मिळ होय. मोडतो स्वतः आणि वर ‘एकट्याने कशी पाळू’ म्हणून विचारतो!

त्यानंतर त्याची दृष्टी खिडकीकडे गेली असावी. आवाज एकदम बदलला.

“वहिनी, हे कोणं बांधलं?”

“कोण बांधन? घरात पंडित किती हायेत भावजी?”

“अवं, हे पळून नाही राहिली! जागा पाहून राहिली. पोटुशी हाय ते. मादी हाय. अंडे घालाले खाली उतरते, ओली नरम माती पाह्यजे तिले. नाही भेटली तं अंडे पोटात राहून मरन.” मग म्हणाला, “त्याले सांगजा. जो उतरून राहिला, थो सोडून चालला असंच नसते.”

धागा तुटल्याचा आवाज आम्ही ऐकला. मग अंगणातून वहाणांचा. कोशाचे पान आम्ही उलटले नव्हते.

सचिव मादी आहेत. मातेने पहिल्याच दिवशी पोटाविषयी काही म्हटले होते, ते आता आठवले.

३० ऑक्टोबर

चंद्रकला शिदोरी घेऊन स्टेशनवर गेली. आम्हास ताप होता. मोजला नाही.

परतल्यावर ती म्हणाली, “गाडी हालेपर्यंत भावजी दरवाज्यात उभे व्हते.”

१ नोव्हेंबर, गुरुवार

आज नवे राज्य. शहरात कुठे तोरणे, कुठे नुसतीच उद्याच्या दिवाळीची धांदल.

ओली माती घरात कुठे आणणार? अंगण दगडासारखे आहे. माता म्हणाली, “तुह्या मेजाखाली हाय ना.”

येथे खुलासा आवश्यक. आमचे लेखनाचे मेज ज्या फळ्यांवर उभे आहे त्या फळ्यांखाली वडिलांच्या मागाचा खड्डा आहे. वडील त्यात पाय सोडून बसत आणि धोटा फेकत. खड्ड्यात गारवा राहतो, म्हणून भर मे महिन्यातही सूत तुटत नसे. ते गेल्यावर माग मोडला. खड्ड्यावर फळ्या टाकल्या. फळ्यांवर मेज आले, मेजावर कोश आले. कार्यालयातील एकाही मनुष्यास हा खड्डा ठाऊक नाही. रुपरावास आहे.

मेज हलविले. फळ्या उचलल्या. एकोणीस वर्षांनी आतला वास वर आला, माती, खळ आणि वडील. मातेने तळाची माती सैल केली, फवारा मारला. सचिवांना खड्ड्याच्या काठावर ठेविले. त्यांनी दोन्ही नेत्र प्रथमच एका दिशेस वळविले आणि खाली उतरल्या.

३ नोव्हेंबर

काल दिवसभर त्या पुढच्या पायांनी खणत होत्या. मागे फक्त शेपटी दिसत होती. आज सकाळी वर आल्या. पोट सपाट, अंग मातीने माखलेले, डोळे खोल. बिळाचे तोंड त्यांनी पुन्हा इतके बेमालूम बुजविले आहे की ठाऊक नसते तर दिसले नसते. माती बाजूला करून मातेने हळूच अंडी मोजली आणि पुन्हा झाकली: एकोणतीस, पांढरी, लांबट.

माता म्हणाली, “लय महिने लागतीन. माती सुकू द्याची नाही, चिखलही होऊ द्याचा नाही. सुतासारखं.”

फवारा आम्ही मारला. पाणी अर्धे सदऱ्यात, अर्धे पेरूच्या पानावर. त्या बराच वेळ प्यायल्या. मग आम्ही त्यांना अंगणातील पेरूवर सोडले. गेल्या नाहीत, सर्वात खालच्या फांदीवर ऊन अंगावर घेत बसल्या आहेत. धागा नाही.

६ नोव्हेंबर

दिवाळीनंतर कार्यालय उघडले. भोपाळला पाठवावयाच्या कर्मचाऱ्यांच्या नस्त्या (लोक त्यांस फायली म्हणतात) बांधण्याचे काम आमच्याकडे आले. रुपरावाची नस्ती सर्वात वर होती.

विकल्पपत्र: दिनांक २१ सप्टेंबर. ‘भोपाळ. कोणतीही अट नाही.’ पद: भाषांतरकार. तेच. पाटी नाही.

त्याच्या खालचा कागद माझ्या हस्ताक्षरात होता. माता सत्तर वर्षांची. हिंदी सफाईचे. मातापिता हयात नाहीत. शेती बटईने. साहेबांनी नियम सतरा पाळला होता; माझे भाषांतर स्पष्टच आहे, त्यात दुसरा अर्थ निघत नाही. कागदाच्या तळाशी दिनांक २० सप्टेंबर, रुपरावाची स्वाक्षरी, आणि तिच्यावर एक शब्द.

बावीस वर्षे थट्टा केली. तो शब्द त्याने एकदाही लिहिला नव्हता. या कागदावर लिहिला आहे, सावकाश, एकेक अक्षर जपून: ‘अवलोकित.’

तो कागद नस्तीत तसाच ठेवून फीत बांधली. गाठ दोनदा सुटली.

घरी आल्यावर चंद्रकलेने विचारले, “बरं नाही काय जी?” मी म्हणालो, “तहान लागली आहे.”

८ नोव्हेंबर

पत्र लिहावयास बसलो. मेज अजून भिंतीशी आहे, म्हणून खड्ड्याच्या काठावर पाय सोडून लिहिले. पहिला मसुदा चार पाने झाला. त्यात ‘परिस्थितिवशात्’ तीनदा आले. फाडला. दुसरा दोन पाने, ‘अनवधानाने’. फाडला. तिसरा मसुदा ‘प्रिय मित्रवर्य’पाशीच थांबला.

माता रहाटावरून म्हणाली, “काय लिहून राहिला येवढं?”

“रुपरावास.”

“मंग त्याले समजन असं लिही.”

शेवटी एक कार्ड लिहिले आणि स्वतः पेटीत टाकून आलो. त्यातील मजकूर असा:

‘रुपराव, अंडे एकोणतीस निघाले. बाच्या खड्ड्यात हायेत. माती सुकू देऊन नाही राहिलो. फुकरा मले अजून नीट जमत नाही, पर जमन. तिकडं सकाळी थंडी राहत असन. अंग काळं पडलं तं उन्हात बसत जाजो. बाबन.’

यापुढे जे लिहावयास हवे होते त्यास कार्डावर जागा होती. अर्धे कार्ड कोरे गेले.

परतल्यावर दैनंदिनी पहिल्या पानापासून वाचली. अठरा सप्टेंबरपाशी आलो. एकही शब्द खोडला नाही. पानाच्या तळाशी जागा होती. टाक बुडविला आणि तेथे लिहिले: अवलोकित. खाली स्वाक्षरी केली, आजची तारीख घातली.

या वेळी अक्षर वळणदार आले नाही.